ओढायला कोण येणार?

दादाराव तायड्यांना शिकारीची हौस नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या डिसेंबरात त्यांच्या अंगात धड उभं राहायचीही ताकद नव्हती. औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर देखरेख करायचं काम. त्यात वरच्यांनी माणसं कमी केलेली, म्हणजे उरलेल्यांनी मुकाट्यानं दुप्पट राबायचं. थँक्सगिव्हिंगला अख्खी अमेरिका टर्की खाऊन सोफ्यावर लोळत होती तेव्हा हा बाबा डबल शिफ्ट करत होता. कशीबशी सोमवारची एक सुट्टी पदरात पडली, तर ती कशासाठी? पोराला हरीण मारायला न्यायचं! पहाटे उठून, बर्फात, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात. घरात गादी आहे, रजई आहे, हीटर आहे. पण पोराला कोण समजावणार?

पोरगा म्हणजे प्रसेनजित. वय चौदा, उंची बापाच्या वर गेलेली, घरी प्रसेन, शाळेत सगळे त्याला नुसतं जीत म्हणायचे. उन्हाळ्यापासून त्यानं शिकारीचा एकच धोशा लावला होता. हे वेड त्याच्या डोक्यात भरवलं शेजारच्या बिल हार्टरनं. बिलची स्वतःची पोरं मोठी होऊन कॅलिफोर्नियाला गेलेली, तो नोकरीतून रिटायर झालेला, मग शिकवायला कुणीतरी पाहिजेच. त्यानं प्रसेनला फायरहाउसमधल्या शिकारीच्या कोर्सला नेलं, रायफल कशी धरायची ते शिकवलं, कागदावर नेम धरून घेतला. आणि ऐन मोसमात गुडघ्याचं ऑपरेशन करून बसला! आता चढण चढवेना. आणि कायदा असा की एवढ्या लहान पोराबरोबर मोठं माणूस बसलंच पाहिजे.

"डेव्ह, तू चल," बिल म्हणाला. दादारावचं डेव्ह त्यानंच केलं होतं. "मी खाली ट्रकमध्ये थांबतो. तुला फक्त बसायचंय."

दादारावांनी बायकोकडे पाहिलं, ही तरी नको म्हणेल म्हणून. राधा कसली! "जा," ती म्हणाली. "तो तुमच्याशी महिन्यातून चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन जेवणाची. एक दिवस शेजारी बसाल तरी."

"अगं, पण पंचशील? प्राणिहत्या करू नये म्हणतो ना आपण?"

"दर रविवारी म्हणता, आणि वंदना झाली की कुमारभाऊंच्या बेसमेंटमध्ये चिकनवर ताव मारता. ते कोंबडं काय आपण होऊन भांड्यात येऊन बसलं होतं?"

पण दादारावांची खरी अडचण कोंबडं-हरीण ही नव्हतीच. खरी अडचण त्यांच्या समोर, डायनिंग टेबलाशी, भाकरीचा तुकडा वरणात बुडवत बसली होती. ते त्यांचे वडील, आबा. वय सत्तरीच्या पुढे. अकोल्याकडच्या खेड्यातून सप्टेंबरात पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले, धोतरावर मुलाचा जुना पार्का कोट घालून पिस्कॅटवे गावच्या फुटपाथवर फिरणारे.

"मारा का नका मारू, ते तुमचं तुमी पाहा," आबा म्हणाले. "पन मेल्यावर वढन कोन त्याले?"

"आबा, पहिल्याच खेपेला कुणाला काही मिळत नाही. नुसतं बसून यायचं."

"अन् गावलं तं?"

"तरी आपल्याला नाही ओढावं लागत. असतील ना तिथं माणसं. इथं सगळ्याला माणसं असतात."

"शब्द दे."

"दिला, आबा. दोराला हात लावणार नाही."

प्रसेननं कानावरचे हेडफोन खाली घेतले. आबांचं वऱ्हाडी त्याला निम्मंसुद्धा कळायचं नाही. "व्हॉट्स ही सेइंग?" त्यानं विचारलं.

"काही नाही," दादाराव म्हणाले. "जपून जा म्हणतात."

हे असं लपवणं चौदा वर्षं चाललं होतं. चौथीत असताना शाळेत पोराला आजोबांबद्दल सांगायचं होतं, तेव्हा दादारावांनी बिनदिक्कत सांगून टाकलं, शेतकरी होते म्हणून. शेतकरी कसले, कपाळ! गावात कुणाचंही ढोर मेलं की आबांना हाक यायची. अपरात्री, ऐन पावसात, ताटावर बसले असले तरी. दोर घ्यायचा, पाय बांधायचे, गावाबाहेर ओढत न्यायचं. लहानपणी दादारावही बरोबर असायचे. दोर खांद्यावर कसा घ्यायचा, कासऱ्याची न सुटणारी गाठ कशी मारायची, हे आबांनीच शिकवलेलं. ढोराचा मालक मागून चालायचा, नाकाला धोतराचा सोगा लावून. "चला रे, हात उचला," एवढंच त्याचं काम.

छप्पन सालात नागपूरची दीक्षा घेऊन आबा परत आले आणि दुसऱ्या दिवशी चुलीत दोर घातला. त्या हिवाळ्यात पाटलाचा बैल मेला. हाक आली. आबा उंबऱ्यावर बसून राहिले. बैल फुगला, वास सुटला, पाटलाची माणसं येऊन शिव्या घालून गेली. मग वस्तीचं काम बंद, दुकानातलं मीठ बंद, विहिरीकडे जायचं बंद. आबा काही हलले नाहीत. घरात उपास पडला, तेव्हा त्यांनी पोराला समोर बसवून एकच गोष्ट सांगितली: शीक, कुठं जायचं तिथं जा, उपाशी मर, पण मेलेलं ओढू नको. त्या एका शब्दावर दादाराव शिकले, नागपूरला गेले, पुढे समुद्र ओलांडला. आणि हे सगळं आपल्यापाशीच संपवायचं, पोराच्या कानावर घालायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. ज्याला ठाऊकच नाही त्याला कुणी हिणवणार कसं, असा त्यांचा हिशेब होता.

तर सोमवारी पहाटे निघाले. बिलच्या ट्रकमध्ये तिघं दाटीवाटीनं, अंगावर केशरी जाकिटं, मधे कॉफीचा थर्मास. डोंगराखाली ट्रक लागला. बिल तिथंच थांबला आणि बापलेक अंधारात वर चढून एका मोठ्या पाइनच्या बुंध्याशी बसले. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. थंडी अशी की दादारावांना स्वतःचे पाय आहेत का नाहीत ते वाकून बघावं लागत होतं. डोळे तर आपोआप मिटत होते. मधेच मान पडायची, दचकून जाग यायची, पोरगा तसाच ताठ बसलेला. मनातल्या मनात ते त्या न दिसणाऱ्या हरणाला विनवत होते: नको येऊस रे बाबा, घरी बायकापोरांत राहा, मला झोपू दे.

उजाडल्यावर प्रसेन हळूच बोलला. समोर बघतच. इंग्रजीतच, पण आवाज एवढा मऊ की दादारावांना वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"दरवर्षी मोसमाच्या पहिल्या सोमवारनंतर मंगळवारी कॅफेटेरियात पोरं सांगतात, कोण डॅडबरोबर गेलं, कुणी काय मारलं. मी नुसता ऐकतो. मला कुणी विचारतसुद्धा नाही."

"काय विचारत नाहीत?"

"की मी गेलो होतो का. त्यांना वाटतं, हा कशाला जाईल."

हा कशाला येईल, असं ठरवून टाकलेली माणसं दादारावांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यांनी हातमोज्यातला हात पोराच्या पाठीवर ठेवला. पोरानं तो झटकला नाही. राधा म्हणाली होती ते खोटं नव्हतं.

आणि बोलाफुलाला गाठ म्हणतात तसं झालं. उतारावरच्या झुडपातून एक नर निघाला, डोक्यावर सुबक शिंगं, आणि चक्क थबकून उभा राहिला. प्रसेननं रायफल उचलली. दादारावांनी श्वास रोखला. बार झाला, डोंगर दणाणला, हरीण चार उड्या मारून आडवं झालं.

"आय गॉट हिम! बाबा, आय गॉट हिम!" पोरगा ओरडला आणि लगेच रडायला लागला. नाक वाहत होतं. रायफल मात्र कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे नीट मोकळी करून बाजूला ठेवली. दादारावांनी त्याला जवळ घेतलं. अभिमान वाटला, का नाही वाटणार? पोरानं एका गोळीत काम केलं होतं. आणि त्याच क्षणी त्यांची नजर त्या पडलेल्या जनावराच्या पायांवर गेली आणि तोंडचं पाणी पळालं. शब्द दिला होता.

बार ऐकून बिल काठी टेकत, शिव्या देत, कसाबसा वर आला. पोराच्या पाठीत थाप मारली, हरणाच्या कानाला परवान्याचा टॅग लावून घेतला, पोट कसं साफ करायचं ते दाखवलं. प्रसेननं दात घट्ट आवळून ते केलं. दादाराव दूर उभे राहून झाडाच्या सालीकडे बघत होते. सगळं आटोपल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि ऑफिसातल्या इंग्रजीत विचारलं, "बिल, आता ओढायला कोण येणार?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे माणसं. हे खाली न्यायला. असतील ना कुणीतरी, ज्यांचं हे काम असतं?"

बिलला आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो एवढा हसला की काठी सुटायची वेळ आली. "डेव्ह! ज्यानं मारलं, त्यानं ओढायचं. हाच तर नियम आहे. तू न् तुझा पोरगा."

आता घ्या! दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला असता तर एक वेळ चाललं असतं. लहानपणी ज्याच्या घरी दुसऱ्याची ढोरं ओढायची हाक आली, त्यालासुद्धा वाटावं की मारणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा, ही जगाचीच रीत आहे? इतक्या वर्षांनी, एवढा समुद्र ओलांडून, इंजिनिअर होऊनही ही रीत डोक्यातून गेली नव्हती. दादारावांना स्वतःचीच अशी चीड आली की कानशिलं तापली.

बिलनं खांद्यावरचा दोर काढून प्रसेनच्या हातात दिला. "मी ट्रक खालच्या वळणावर आणतो. उताराउतारानं या. सावकाश." आणि तो लंगडत निघून गेला.

प्रसेननं दोर शिंगांना बांधला. "ग्रॅब द अदर साइड, बाबा."

"माझी पाठ धरलीय," दादाराव म्हणाले.

पोरानं एकदा बापाकडे पाहिलं. दोर हाताला गुंडाळला आणि ओढायला लागला. दादारावांनी रायफल घेतली, थर्मास घेतला आणि मागून चालू लागले.

हरीण दिसायला एवढंसं, पण मेल्यावर त्याचं वजन किती होतं ते ओढणाऱ्यालाच विचारावं. बर्फावर जरा सरकायचं, मग फांदीत अडकायचं. प्रसेन ओढायचा, घसरायचा, गुडघ्यावर पडायचा, उठायचा. दोनदा गाठ सुटली. दुसऱ्यांदा तर हरीण घरंगळत जाऊन ओढ्याच्या काठच्या खोलगटात पडलं. ते वर काढताना पोराच्या तोंडाचा रंग बदलला, तळहाताला दोर काचला, रक्त आलं. पण तक्रार म्हणून नाही. एरवी ताट उचलायला सांगितलं तर कपाळाला आठ्या घालणारा पोरगा! दादाराव मागून सांगत होते, "डावीकडून घे. हां, दगड आहे तिथं. जोर लाव, प्रसेन. चल, उचल."

चल, उचल.

ते शब्द तोंडातून गेले आणि दादाराव जागच्या जागी थांबले. उंटावरून शेळ्या हाकतो म्हणतात ते हेच. नाकाला धोतराचा सोगा तेवढा नव्हता. मफलर होता, थंडीसाठी. आपलं पोर मढं ओढतंय, आणि आपण हात राखून मागून चालतोय, वर हुकूम सोडतोय. आबांचा शब्द पाळता पाळता आपण नेमके कोण होऊन बसलो? पाटीलच की! त्यांना एकदम इतकं थकल्यासारखं झालं की बर्फातच बसावंसं वाटलं. कारखान्याचा शीण वेगळा, हा वेगळाच होता. हा फार जुना होता.

ते बसले नाहीत. रायफल पोराच्या गळ्यात अडकवली, थर्मास त्याच्याकडे दिला. वाकून हरणाच्या शिंगांवरची ती पोरकट गाठ सोडली आणि दोर नव्यानं बांधला. बोटं गारठलेली होती, पण गाठ बोटांना ठाऊक होती. डोक्याला काही विचारावं लागलं नाही. फास खांद्यावर घेतला, पुढे वाकले आणि ओढलं.

"हाउ डू यू नो दॅट नॉट?" प्रसेननं विचारलं.

"तू दुसरं टोक धर," दादाराव म्हणाले. "बोलू नको. दम जातो."

मग दोघं मिळून ओढत राहिले. थांबायचं, धापा टाकायच्या, पुन्हा वाकायचं. दादारावांची पाठ खरंच धरली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थंडीनं येत होतं असं पोराला वाटलं असेल. एकदा प्रसेन घसरून त्यांच्यावरच आदळला, दोघंही बर्फात पडले, आणि पोरगा खदखदून हसला. दादारावांनाही हसू फुटलं. कितीतरी वर्षांनी ते दोघं एकाच गोष्टीला हसले होते.

खालच्या रस्त्यावर पोचले तेव्हा बिलजवळ दोन अनोळखी शिकारी उभे होते. तिथल्याच डोंगराकडची माणसं, दाढ्या वाढलेली. त्यांनी हरीण पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. एकानं प्रसेनला हात मिळवला. दुसऱ्यानं दादारावांचा हात हातात घेतला, रक्तानं आणि चिखलानं बरबटलेला तो हात, आणि चांगला गदागदा हलवला. "छान ओढलंत," तो म्हणाला. मग स्वतःच्या थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, स्वतः एक घोट घेतला आणि तेच झाकण दादारावांपुढे केलं.

दादारावांनी ते घेतलं आणि प्यायले. बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना राग आला, भयंकर राग, कुणावर ते सांगता येईना. तेच मढं, तोच दोर, तोच खांदा. इथं लोक पाठ थोपटतात, उष्टी कॉफी पाजतात. तिथं आबांना पाणी प्यायला ओंजळ धरावी लागायची, वरून दुसऱ्यानं ओतायचं. मग ते सगळं कशासाठी होतं? त्यांनी झाकण परत दिलं, थँक्यू म्हटलं आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. परतीच्या अख्ख्या वाटेत ते झोपले नाहीत. घरी आबा असणार होते.

आबा होतेच. संध्याकाळ होत आली होती. बिलच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ते उभे होते, पार्का, धोतर, माकडटोपी, हातात काठी. दुपारपासून चार वेळा बाहेर जाऊन आले, असं राधानं नंतर सांगितलं. ट्रक थांबला. हरीण टांगायला शिडी लागणार होती, ती आणायला बिल गॅरेजात गेला. आबा ट्रकच्या मागच्या फळीपाशी आले, आत डोकावले.

हरणाकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. त्यांनी हात घालून दोर उचलला आणि शिंगांवरची गाठ बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपली.

"हे गाठ तं आपली हाये," ते म्हणाले. "कोनं वढलं?"

"मी, आबा," दादाराव म्हणाले. "शब्द मोडला मी."

आबांनी दोर सोडला. बिलच्या गॅरेजपाशी एक बादली पालथी पडली होती, तिच्यावर जाऊन बसले. रागावले असते, काठी उगारली असती तर परवडलं असतं. ते नुसते बसले, एवढेसे होऊन.

"व्हॉट्स राँग?" प्रसेन म्हणाला. "बाबा, आबांना काय झालं? काय म्हणाले ते?"

काही नाही, थंडी वाजतेय म्हणतात. हे वाक्य दादारावांच्या जिभेवर तयार होतं. नेहमीचंच. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तेवढा जोर आता उरला नव्हता.

"तुझे आजोबा शेतकरी नव्हते," ते म्हणाले. "गावात कुणाची गाय, कुणाचा बैल मेला की आबांना बोलवायचे. त्यांना आणि मला. ओढून न्यायला. आपण ज्या जातीत जन्मलो तिला ते करावंच लागायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. आबा एक दिवस नाही म्हणाले. त्यापायी आम्ही उपाशी राहिलो. मी त्यांना शब्द दिला होता की परत कधी दोराला हात लावणार नाही. आज लावला."

"यू सेड फार्मर."

"हो. खोटं सांगितलं."

प्रसेन स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिला, दोरानं काचलेल्या. मग तो गेला आणि आबांच्या समोर त्या थंडगार सिमेंटवर मांडी घालून बसला.

"आस्क हिम," तो बापाला म्हणाला. "ती गाय कुणाची असायची?"

दादारावांनी विचारलं.

"कोनाचीबी," आबा म्हणाले. "पाटलाची. कुलकर्न्याची. वान्याची."

"आणि तो कुठं असायचा, पाटील?" प्रसेनचा पुढचा प्रश्न.

"घरात. नाईतं मांगं. नाकाले धोतर लावून."

हे इंग्रजी करून सांगायची गरज नव्हती, आबांनी धोतराचा सोगा नाकाशी धरून दाखवला. प्रसेनच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याला खरोखरच कळेना.

"म्हणजे तो हात लावायचा नाही? हिज ओन काऊ?"

"नाही," दादाराव म्हणाले.

"पण मग तो ओढायला कसा लावू शकतो? दॅट्स द रूल! तुझं असेल तर तू ओढायचं. ओढता येत नसेल तर नाही ठेवायचं. एव्हरीबडी नोज दॅट." फायरहाउसमधल्या कोर्समध्ये त्यानं हे शिकून घेतलं होतं, परीक्षेत लिहून पास झाला होता, आणि जगात कुणाला हे ठाऊक नसेल यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. आवाज चढला होता त्याचा. कुणीतरी त्याच्या आजोबांच्या बाबतीत उघड उघड लबाडी केली होती.

"काय म्हंते थो?" आबांनी विचारलं.

दादारावांनी सांगितलं, "तो म्हणतो, ज्याचं ढोर, त्यानं ओढावं. ओढवत नसेल तर पाळू नये."

आबा पोराकडे पाहत राहिले. मग त्यांनी काठीनं ट्रककडे खूण केली. "अन् हे कोनाचं व्हतं?"

"त्याचं. त्यानंच मारलं."

"मंग त्यानं वढलं ते बराबर केलं. तू काऊन वढलं?"

"तो माझा आहे, आबा," दादाराव म्हणाले.

आबांनी पुढे वाकून नातवाचा हात उघडला, वळ पाहिला, स्वतःचा हाडका अंगठा त्यावरून फिरवला. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर तसले जुने वळ होते. पोरानं ते अजून पाहिले नव्हते. गॅरेजातून बिलचा शिडी ओढल्याचा आवाज येत होता. राधा शेजारच्या दारातून चहाला हाका मारत होती, पण कुणी उठलं नाही.

"दादाराव," आबा म्हणाले. "काय म्हनला थो? अजून एक डाव सांगाले लाव त्याले."

दादारावांनी पोराला सांगितलं. प्रसेननं जरा विचार केला, आणि या वेळी मोडक्यातोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधून म्हणाला, "ज्याची गाय... त्यानं ओढायची."

आबांनी डोळे मिटून घेतले. "अजून," ते म्हणाले.